आधी वही, मग वेबसाइट: पुण्यातल्या छोट्या व्यवसायासाठी

"मॅडम, आमच्या दुकानाला धड पाटीसुद्धा नाहीये. तरी लोक येतातच की!"

कसबा पेठेत तांबट आळीजवळ तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान असलेल्या एका काकांचं हे वाक्य. वेबसाइट त्यांना नकोच होती, सूनबाईंना हवी होती. काका गल्ल्यावर, सूनबाई आत बिलं करत बसलेल्या आणि मी मध्ये स्टुलावर. तासाभरात दुकानातला फोन अकरा वेळा वाजला. त्यातल्या सात जणांनी एकच विचारलं: कल्हई (भांड्याला आतून द्यायचा कथलाचा थर) करून मिळते का, आणि भांडी कधी आणून द्यायची? काका दर वेळी तेच उत्तर देत होते. सातव्या वेळी त्यांचा आवाज जरा चढला. मी म्हटलं, "काका, हे उत्तर तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी दिलं तर चालेल?" तिथून काम सुरू झालं.

मी नारायण पेठेतल्या एका खोलीतून पुण्यातल्या छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट करते. क्लासवाले, रोपवाटिका, प्लंबर, भोसरीतली दोन वर्कशॉप, एक पोळी-भाजी केंद्र. या कामात मला एवढं कळलंय की गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी वेबसाइट चालते, आणि उत्तर बदलत राहणारे प्रश्न असले की माणूस परत येतो. फिरते फोटो, 'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत', संस्थापकांचं मनोगत वगैरे मालकाच्या समाधानासाठी. त्याला माझी ना नाही, पण तो खर्च हौसेच्या खात्यात धरावा.

पुढे काकांच्या दुकानाचंच उदाहरण धरून सगळं सांगते. तुमचा धंदा वेगळा असला तरी पायऱ्या याच.

## पंधरा दिवस फक्त लिहा

फोनशेजारी एक शंभर पानी वही ठेवा. येणारा प्रत्येक प्रश्न त्यात उतरवायचा, मग तो फोनवरचा असो, व्हॉट्सॲपवरचा असो की दुकानात उभं राहून विचारलेला. अट एकच: शब्द गिऱ्हाइकाचेच हवेत. 'ग्राहकाने उपलब्धतेबाबत चौकशी केली' असं लिहिलंत तर वही फुकट गेली. सूनबाईंच्या वहीतलं एक पान माझ्याकडे अजून आहे:

"तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर चालतं का?"
"आज पितळ काय भाव किलोला?"
"आईचं जुनं पातेलं आहे, मोडीत घ्याल का?"
"कल्हई किती दिवस टिकते?"
"बंबाची तोटी मिळेल का नुसती?"
"गाडी कुठे लावायची तुमच्याकडे?"
"दुपारी उघडं असतं ना?"

शेवटचा प्रश्न पंधरा दिवसांत एकोणीस वेळा आला. बाहेरच्यांना पुण्याच्या दुपारचा विनोद वाटतो. कोथरूडहून रिक्षाने येऊन बंद शटर बघणाऱ्याला मात्र हसू येत नाही.

पंधरा दिवसांनी या प्रश्नांचे तीन ढीग करा. उत्तर कधीच बदलत नाही असे प्रश्न पहिल्या ढिगात: ताक चालतं का, गाडी कुठे लावायची. यांची कायमची पानं होतात. दुसऱ्या ढिगात उत्तर दर आठवड्याला किंवा ऋतूनुसार बदलणारे: आजचा भाव, या आठवड्यात कल्हईवाला कोणत्या दिवशी बसणार, कोणत्या मापाच्या घागरी आल्यात. तिसऱ्या ढिगात बोलल्याशिवाय सुटत नाहीत असे: जुन्या भांड्याची किंमत, लग्नाच्या आहेरासाठी चाळीस नग. त्यांच्यासाठी फोनचं बटण.

वेबसाइटचा आराखडा एवढाच. डिझायनरकडे जाण्याआधी हे तीन ढीग हातात असले की त्याने दाखवलेल्या चकचकीत नमुन्यांना तुम्ही भुलत नाही.

## नाव कोणाच्या नावावर?

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, इंटरनेटवरचा सातबारा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी घर बांधत नाही, वेबसाइटच्या बाबतीत मात्र हे सर्रास चालतं. माझ्याच पहिल्या वेबसाइटचं तसं झालं. ओळखीतल्या एका मुलाने नाव घेऊन दिलं, पण त्याच्या खात्यात आणि त्याच्या ईमेलवर. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या. मला कळलं तेव्हा ते नाव दुसऱ्या कोणीतरी उचललेलं होतं. व्हिजिटिंग कार्डांचे दोन गठ्ठे रद्दीत घातले. चूक त्याची थोडी, माझीच जास्त.

डॉट कॉम नावाची मुदत संपली की नोंदणी कंपनी साधारणपणे काही दिवसांची सवलत देते. नंतर ३० दिवस जास्तीचे पैसे भरून नाव सोडवता येतं. पुढच्या ५ दिवसांनी ते खोडलं जातं आणि कोणीही ते घेऊ शकतं. म्हणून खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, मोबाइल नंबर स्वतःचा द्या आणि एकदम दोन-तीन वर्षांचे पैसे भरा. काम करणाऱ्याला पासवर्ड तात्पुरता द्यायचा, काम झालं की बदलायचा. यात अविश्वास नाही. घराची किल्ली रंगाऱ्याला देतो तसंच हे.

डॉट इन की डॉट कॉम? स्थानिक धंद्याला डॉट इन पुरतं. त्याचा कारभार निक्सी ही आपल्याकडचीच संस्था बघते. देवनागरीतलं डॉट भारत हे नाव २०१४ पासून मिळतं आणि दिसायला झकास असतं. पण अजूनही बरेच फॉर्म आणि ईमेल व्यवस्था ते नीट स्वीकारत नाहीत, त्यामुळे ते जोडीला घ्या, एकट्याच्या भरवशावर राहू नका.

नाव निवडताना माझी एक कसोटी आहे. ते फोनवर आत्याला सांगा आणि टाइप करायला लावा. 'एकच ए की दोन?' असं तिने विचारलं तर नाव बदला. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या तीन-तीन तऱ्हा असतात आणि गिऱ्हाईक नेमकी चौथी वापरतं.

## फळ्या आणि शटर

यावर फार वेळ घालवू नका. पाच-सात पानांच्या साइटला वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २००३ पासून ते चालू आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर उभ्या आहेत आणि मुख्य म्हणजे उद्या मी नसले तरी ते येणारं दुसरं माणूस पुण्यात सहज मिळेल. कोणाच्या खासगी सॉफ्टवेअरमध्ये अडकलात तर ही सोय जाते. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, घेताना सर्व्हर (साइट जिथे साठवतात तो संगणक) मुंबईत आहे का आणि रोज बॅकअप, म्हणजे साइटची जादा प्रत, निघतो का, हे दोन प्रश्न विचारा.

साइटची जोडणी सुरक्षित हवीच, म्हणजे पत्ता 'https'ने सुरू व्हायला हवा. क्रोमने जुलै २०१८ पासून सुरक्षित जोडणी नसलेल्या प्रत्येक साइटवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारायला सुरुवात केली. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्यासाठीचं प्रमाणपत्र फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात. या साध्या प्रमाणपत्रासाठी दरवर्षी वेगळे पैसे कोणी मागत असेल तर कशाचे, ते विचारा.

## कल्हईचं पान आम्ही कसं लिहिलं

पहिला मसुदा काकांच्या पुतण्याने दिला होता: 'आमच्याकडे अनुभवी कारागिरांकडून उत्कृष्ट दर्जाची कल्हई सेवा माफक दरात उपलब्ध आहे.' यात चुकीचं काही नाही, पण कळतं तरी काय? भांडी कधी आणायची, कधी मिळणार, किती पैसे, कशाचं होणार नाही, यातलं काहीच नाही. वही समोर ठेवून पान पुन्हा लिहिलं:

'कल्हईची भांडी सोमवार ते बुधवार, सकाळी १० ते १ या वेळात आणून द्या. शनिवारी संध्याकाळी ५ नंतर घेऊन जा. दर भांड्याच्या मापावर आहेत, तक्ता खाली दिला आहे. भांडं चेपलं असेल तर आधी ठोकून घ्यावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. तळाला भोक असेल तर ते कल्हईने बुजत नाही, आधी डाग द्यावा लागतो. आत पितळेचा पिवळा किंवा तांब्याचा लालसर रंग दिसायला लागला की पुन्हा कल्हई करायची वेळ झाली असं समजा. तोवर त्यात आंबट काही शिजवू नका, कळकतं.'

'कळकतं' हा शब्द काकांचा. पुतण्याला तो गावठी वाटला, मी हट्टाने ठेवला. ज्यांना माहीत होता त्यांना आजी आठवली. ज्यांना नव्हता त्यांच्यासाठी खाली एक ओळ घातली: आंबट पदार्थाची तांब्या-पितळेशी प्रक्रिया होते, धातू अन्नात उतरतो आणि चव बिघडते. मधला कथलाचा थर, म्हणजे कल्हई, ते अडवतो. जोडीला भांडं तापवून, नवसागराची पूड टाकून त्यावर कथील फिरवतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. काकांच्या फोनवर काढलेला, थोडा हललेला. पांढरा धूर उठतो आणि काळं पातेलं एकदम चांदीसारखं होतं. पूर्ण साइटवर लोक सर्वात जास्त वेळ इथेच थांबतात.

एक वाक्य मात्र मी काढायला लावलं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्याने अमुक-तमुक आजार बरे होतात, असं पुतण्याने लिहिलं होतं. सिद्ध करता येत नाही ते दुकानाच्या नावाखाली लिहायचं नाही.

घागरी, पराती, पातेली यांचे फोटो काढताना शेजारी पाण्याची एक लिटरची बाटली ठेवली. माप कळायला त्याहून सोपा उपाय नाही. प्रत्येक फोटोखाली वजन, लिटर, तोंडाचा व्यास. फोटो दुकानाच्या पायरीवर, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या पंचावर.

आणि फोनच्या पडद्यावर साइट उघडल्याबरोबर, बोट न फिरवता, चार गोष्टी दिसायला हव्यात: काय मिळतं, कुठे, आत्ता उघडं आहे का, फोन कसा करायचा. फोनचं बटण दाबलं की थेट फोन लागावा. व्हॉट्सॲपचं बटण दाबलं की 'कल्हईबद्दल विचारायचं आहे' एवढं आधीच टाइप झालेलं असावं. पहिला शब्द लिहिण्याचा संकोच गेला की निम्मं काम झालं.

## अक्षरं नीट दिसू द्या

मराठी साइट करणाऱ्यांपैकी फार थोडे जण याकडे बघतात, म्हणून जरा रेंगाळते.

दुकानाची जुनी माहितीपत्रकं डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली असतात. तो मजकूर उचलून साइटवर चिकटवला की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग ओळ न् ओळ वाचा, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. माहितीपत्रकाचा फोटो काढून तोच साइटवर टाकणं हा आळशी उपाय. फोटोतला मजकूर फोनवर मोठा-छोटा होत नाही आणि शोधताना त्याचा भरवसाही धरता येत नाही.

फॉन्टसाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही फुकट आहेत. जाड आणि साधं, एवढे दोनच प्रकार वापरा, कारण देवनागरी फॉन्टच्या फायली रोमनपेक्षा जड असतात. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. अक्षर बारीक नको. तांब्याची भांडी घेणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं पुष्कळ आहेत आणि चष्मा नेमका दुसऱ्या खोलीत असतो.

पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण असते, तिथे हिंदीची 'एचआय' नव्हे तर मराठीची 'एमआर' लिहिलेली आहे का, ते तपासून घ्या. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. मी दर वेळी 'दुकानाच्या पायऱ्या' असं टाइप करून बघते. 'ऱ्या' नीट उमटला की पुढे जायचं.

## फोटोचं ओझं

फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. पहिल्या पानावर असे आठ घातले की मंडईतल्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या फोनवर ते पान उघडता उघडता तो पुढच्या दुकानात शिरलेला असतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या प्रकारात साठवा, १५० केबीच्या आत बसवा. स्क्वूश नावाचं फुकटचं साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं.

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की तीन आकडे मिळतात. पानावरचा सर्वात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर पडद्याने २०० मिलिसेकंदांत दाद द्यावी. आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. हे हलणं म्हणजे काय? तुम्ही 'फोन करा'वर बोट नेता, तेवढ्यात वरून एक फोटो उतरतो, बटण खाली सरकतं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहिली की हे थांबतं. तपासताना मोबाइलचेच आकडे बघा, गूगलही आता साइटची मोबाइलवरचीच आवृत्ती वाचतो.

## सापडायचं कसं

पेठेतल्या दुकानाला पहिलं गिऱ्हाईक बहुधा नकाशावरून मिळतं. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती, फुकट आहे, तेव्हा साइटच्या आधी ते भरा. व्यवसायाचा प्रकार नेमका निवडा, दाराचा आणि गल्लीच्या तोंडाचा असे दोन फोटो टाका आणि वेळा लिहिताना दुपारची सुट्टी लपवू नका. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीमुळे लक्ष्मी रस्ता आणि आसपासचे रस्ते बंद असतात, त्या दिवशीची खास वेळ आठवड्याभर आधी घाला. नाव, पत्ता, फोन साइटवर, प्रोफाइलवर आणि बिलावर अक्षरशः सारखा हवा.

'गाडी कुठे लावायची' याचं उत्तर आमच्याकडे आधी चार ओळींचं आणि केविलवाणं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि ते पान बदललं: 'गाडी आणूच नका. कसबा पेठ मेट्रो स्टेशनला उतरा आणि चालत या. जड घागर घेतलीत तर रिक्षापर्यंत आमचा माणूस आणून देईल.' ही शेवटची ओळ काकांनी सांगितली. तिच्यामुळे किती घागरी गेल्या ते मी मोजलेलं नाही, पण बरेच जण आल्याबरोबर 'तो माणूस कुठेय?' असं विचारतात.

शोधताना लोक कोणते शब्द टाकतात ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसतं. तेही फुकट आहे. तीन महिन्यांनी उघडलं तर आमच्या पानाकडे मराठीत 'कल्हई' लिहून थोडे, हिंदीतलं 'कलई' रोमन लिपीत लिहून बरेच आणि इंग्रजीत 'टिन कोटिंग पुणे' असं लिहून त्याहून जास्त लोक आले होते. खराडी-हिंजवडीत राहणाऱ्या, आजीचं पितळी पातेलं गावाहून घेऊन आलेल्या मंडळींचा हा शब्द. मग पानाच्या पहिल्याच परिच्छेदात तिन्ही नावं गुंफली आणि कल्हईचं एक पान इंग्रजीतही केलं. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच ठेवलं नाही. त्यात कल्हईवाल्याचं रंगारी झालं होतं.

## पैसे आणि कायदा, थोडक्यात

प्रत्येकाला ऑनलाइन विक्री लागतेच असं नाही. घागर कुरिअरने पाठवली की निम्म्या वेळा पोचा पडून पोचते, म्हणून आम्ही खरेदीची टोपलीच ठेवली नाही. फोटो बघा, व्हॉट्सॲपवर राखून ठेवा, यूपीआयने आगाऊ रक्कम भरा, येऊन घेऊन जा.

विकणार असाल तर पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर पैसे स्वीकारून देणारी सेवा, कार्डावर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी घेतो, हे किमतीत धरा. गेटवे मिळण्याआधी परतावा, गोपनीयता, अटी आणि संपर्क ही पानं साइटवर लागतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत हवं. पॅकबंद मालावर कमाल किंमत, निव्वळ वजन आणि उत्पादनाचा देश दाखवावा लागतो. खाद्यपदार्थ असतील तर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांकही. ही पानं दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. एका क्लासच्या साइटवर मी 'वापरलेले कपडे परत घेतले जाणार नाहीत' असं वाचलंय.

## माणूस परत का येईल?

आता वहीतला दुसरा ढीग काढा. परत यायला लावणं म्हणजे मागे लागणं नव्हे. पान उघडताच 'सूचना चालू करा' अशी चौकट उगवते, ती मी एका रोपवाटिकेच्या साइटवर हौसेने लावली होती. महिन्याभरात काढली, कारण मालकीणबाईंच्या बहिणीनेच तक्रार केली. माणसाला स्वतःच्या गरजेने परत यावंसं वाटेल असं काहीतरी तिथे ठेवायचं.

काकांच्या बाबतीत ते होतं भावाचं पान. पितळ-तांब्याची भांडी वजनावर विकली जातात आणि भाव हलतो. दर सोमवारी दुकान उघडण्याआधी सूनबाई फोनवरूनच तीन आकडे बदलतात: तांबं, पितळ, मोड. वर तारीख. तारखेशिवाय भावाला काही अर्थ नाही. सोमवारी गावाला जायचं असेल तर 'पुढचा भाव अमुक तारखेला' असं लिहून जातात, जुना आकडा मुकाट्याने तसाच ठेवत नाहीत. लग्नाची खरेदी काढलेली माणसं हे पान महिनाभर बघत असतात.

दुसरी युक्ती बिलावरची. खाली एक क्यूआर कोड छापला, तो उघडतो देखभालीचं पान: चिंच-मीठ कसं लावायचं, कशाने घासायचं नाही, हिरवट डाग पडले तर काय करायचं, समई जोडलेल्या ठिकाणी गळायला लागली तर काय. विकून झाल्यावर दुकानदार गिऱ्हाइकाला विसरतो. गिऱ्हाईक मात्र दोन महिन्यांनी डागाळलेला तांब्या हातात धरून उभं असतं आणि बिल शोधतं. त्याच पानाच्या तळाशी कल्हईचे दिवस दिलेले आहेत.

तिसरी, कल्हईची आठवण. भांडी परत देताना विचारतो, "सहा महिन्यांनी आठवण करू का?" हो म्हणाले तरच नंबर लिहायचा, नाही म्हणाले तर नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीवरच उभा आहे, आणि तो नसता तरी रीत हीच. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप तुमचा नंबर ज्याने साठवला आहे त्यालाच पोचतो. म्हणून नंबर लिहितानाच गिऱ्हाइकाला म्हणा, "आमचाही सेव्ह करा, दुकानाच्या नावाने." निरोप दोन ओळींचा ठेवतो: 'तुमच्या तीन पातेल्यांना सहा महिने झाले. आत पिवळं दिसत असेल तर या सोमवार ते बुधवार आणून द्या.' शुभ सकाळ नाही, गुलाबाचं फूल नाही. वर्षाला दोन निरोप, त्यामुळे अजून कोणी ब्लॉक केल्याचं ऐकलं नाही.

चौथी गोष्ट सणांची. गुढीवर उपडा घालायला तांब्या किंवा गडू, गणपतीला समई-ताम्हण, धनत्रयोदशीला नवं भांडं. यातल्या प्रत्येकाचं एकेक पान आहे. ते सणाच्या चार-पाच आठवडे आधी नीटनेटकं करून ठेवतो, कारण आदल्या दिवशी केलेलं पान गूगलच्या ध्यानात येईपर्यंत गुढी उतरलेली असते. आणि दरवर्षी नवं पान करायचं नाही. 'पाडवा' हाच पत्ता कायम ठेवून आतला मजकूर, फोटो, दर बदलायचे. पत्त्यात साल घातलं की पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा शून्यावर.

बातम्या आणि लेखांचं पान आठवड्याला भरायची शपथ घेऊ नका. दिवाळीत सुरू होतं आणि संक्रांतीला थांबतं. मग 'ताज्या घडामोडी'खाली तीन वर्षांपूर्वीची दिवाळी दिसत राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, दुकान बंद पडलं. जमत नसेल तर ते पानच नको. वर्षातून सहा गोष्टी लिहा, पण वहीत आलेल्या प्रश्नांवर.

## मोजताना

गूगल ॲनालिटिक्समध्ये नवे किती आणि परत आलेले किती, हे दिसतं. तो आकडा सावधपणे वाचा. सकाळी फोनवर आणि संध्याकाळी ऑफिसच्या संगणकावर बघणारी एकच बाई तिथे दोन नव्या बायका म्हणून मोजली जाऊ शकते. मी महिन्यातून एकदा तीन गोष्टी बघते: कोणत्या पानावर लोक उतरतात, फोन आणि व्हॉट्सॲपची बटणं किती वेळा दाबली गेली आणि सर्च कन्सोलमध्ये कोणता नवा शब्द आला. एकूण भेटींचा आकडा मालकाला सांगतच नाही. सांगितला की तो शेजारच्या दुकानदाराशी तुलना करत बसतो.

खरी मोजणी पुन्हा वहीतच. तीन महिन्यांनी आणखी पंधरा दिवस लिहायला सांगितलं. 'कल्हई कधी' विचारणारे फोन दिवसाला दोन-तीनवर आले होते. नवे प्रश्न आले: "सहा लिटरची घागर साइटवर दिसतेय, ती आहे का अजून?" "व्हिडिओत आहेत तेच काका करणार ना कल्हई?" पहिल्यातून कळलं की विकला गेलेला माल आम्ही साइटवरून वेळेवर काढत नाही. त्यावर आता फोटोखाली 'गेली' असा लाल शिक्का मारतो, फोटो मात्र ठेवतो, कारण तो बघून लोक दुसरी मागवायला सांगतात. दुसऱ्या प्रश्नाने काका दिवसभर खुशीत होते.

## खंडेनवमीला साइटची पूजा

वर्षातून एक दिवस देखभालीसाठी ठरवून टाका. आम्ही खंडेनवमी धरली आहे. हातोडे, सांडशी, भाता यांची पूजा होते तेव्हा लॅपटॉपलाही हळद-कुंकू लागतं. मग सूनबाई आणि मी आत बसतो. डोमेन आणि होस्टिंगची मुदत बघायची, पासवर्ड बदलायचे, वापरात नसलेले प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेली जादा साधनं) काढायचे, प्रत्येक बटण दाबून बघायचं. बॅकअप नुसता आहे म्हणून भागत नाही, रिकाम्या जागी तो पुन्हा उभा करून बघायचा. पहिल्या वर्षी तो उभा राहिला, पण फोटोंशिवाय. फोटोंचा फोल्डर बॅकअपमध्ये धरलेलाच नव्हता.

शेवटी एक कागद लिहायचा: डोमेन कोणत्या खात्यात, ते खातं कोणत्या ईमेलवर, मुदत कधी संपते, होस्टिंगवाल्याचा फोन. पासवर्ड त्यावर नाही, तो कुठे ठेवला आहे एवढंच. कागदाची घडी गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, दुकानाच्या परवान्याशेजारी. गेल्या खंडेनवमीला काकांनी तो स्वतः मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "यात त्या मेट्रोच्या पानाचं कुठे लिहिलंय? ते काढू नका हो कधी."